तिसरा कोंबडा

सकाळी एकच बांग झाली. ती जागी होऊन अंथरुणातच पडून राहिली आणि दुसरीची वाट बघू लागली. गेले काही आठवडे सकाळ एका ठरलेल्या पद्धतीने सुरू व्हायची. आधी म्हातारा कोंबडा आरवायचा, लांबलचक, शेवटाला घसा बसल्यासारखा. मग तिघे तरणे त्याच्यावर तुटून पडल्यासारखे ओरडायचे. त्यांचे आवाज अजून फुटत होते. एकाचा मध्येच चिरकायचा, दुसऱ्याची बांग अर्ध्यावर संपायची, तिसरा मात्र आपलं पूर्ण करूनच थांबायचा. तिला हसू यायचं. शेजारी झोपलेला नवरा डोक्यावरून पांघरूण ओढून घेत म्हणायचा, "उठली तुझी पलटण." आज म्हातारा परत एकदा आरवला आणि गप्प बसला. नवऱ्याचं पांघरूण खांद्यापर्यंतच होतं. तो इतका गाढ झोपला होता, जणू आज डोक्यावरून घ्यावं लागणार नाही हे त्याच्या झोपेलाही ठाऊक होतं. आजारी आहेत की काय, असं आधी मनात आलं. तरण्या कोंबड्यांना छातीत कफ होतो, एकाला झाला की सगळ्यांना होतो. ती उठली, चपला न घालताच मागचं दार उघडून परसात गेली.

परस म्हणजे घराची मागची भिंत, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांचं कुंपण यांच्यामध्ये उरलेली जागा. खुराड्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते उघडलं तशा कोंबड्या एकेक करून उतरल्या, तिने आणलेल्या आणि नवऱ्याच्या, आता एकमेकींच्या अंगाला अंग घासत. काजळी उतरली, टपोरी उतरली, एका डोळ्याने अधू झालेली गव्हाळी नेहमीसारखी सगळ्यात शेवटी उतरली. म्हातारा आधीच बाहेर होता आणि एका पायावर जोर देत टाकीभोवती फेऱ्या मारत होता. तिघे नव्हते. तिने टाकीमागे बघितलं, पत्र्याखाली वाकून बघितलं, कुंपणाला कुठे भोक पडलंय का ते चाचपून बघितलं. मांजराचं काम असतं तर पिसं उडाली असती, आणि एवढे तीन एका फेरीत नेणारं मांजर तिने पाहिलं नव्हतं. जमिनीवर पिसं नव्हती, रक्त नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की जमिनीवर काहीच नव्हतं. विष्ठा नाही, सांडलेले दाणे नाहीत, काल सकाळी तिने टाकलेल्या कोबीच्या पानांच्या शिराही नाहीत. परस कोणीतरी झाडून घेतलं होतं, आणि कोपऱ्यात केरसुणी भिंतीला नीट टेकवून, मूठ वर करून ठेवली होती. या घरात केरसुणी अशी ठेवणारा एकच माणूस होता.

तो दारात येऊन उभा राहिला. दात लावलेले नव्हते, त्यामुळे वरचा ओठ आत गेलेला आणि बोलणं मऊ. "उठलीस?" तो म्हणाला. "अगं, काल सांगायचंच राहिलं."

"कोंबडे कुठायत?"

"तेच सांगतोय. काल दुपारी पोरगी आली होती जेवायला. म्हटलं, नाहीतरी कमी करायचेच होते. तूच म्हणत होतीस."

"मी दोन म्हणत होते. एक ठेवायचा होता."

"हो ना. पण कुठला ठेवायचा हे तुझं ठरत नव्हतं." हे तो समजुतीच्या सुरात म्हणाला, लहान मुलाच्या हातून तुटलेली वस्तू बाजूला ठेवावी तसं. "दोन केले. तिसरा पोरीने नेला, तिच्या घरी करायला. आणि शेजारचेही कुरकुरत होते, तुला मी सांगितलं नाही. उगाच तुझ्या डोक्याला ताप."

तिला एक प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर ऐकायचं नव्हतं. तरी तिने विचारला. "रात्री मी जेवले ते?"

तो हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, म्हणूनच ते पुढे दिवसभर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. "तू तर छान झालंय म्हणालीस," तो म्हणाला.

म्हणाली होती. काल कारखान्यात काम वाढलं, यायला उशीर झाला, आणि घरात पाऊल टाकताच रश्शाचा वास आला तेव्हा तिला भरून आलं होतं. आपण दमून यावं आणि आपल्यासाठी कोणीतरी रांधून ठेवलेलं असावं, हे तिच्या आयुष्यात आईच्या मागे घडलं नव्हतं. तिने भातावर रस्सा घेतला, परत घेतला, आणि हाड चोखताना म्हणाली की मांस कसं कोवळं आहे, कुठल्या दुकानातून आणलंत. तो म्हणाला, ओळखीतली आहे. आता परसात अनवाणी उभं राहून तिला ते वाक्य ऐकू आलं. ओळखीतली आहे. त्याला विनोद करायचा नसावा. तो विनोद फारसा करत नसे. कोणाला न दुखवता, खोटंही न बोलता वेळ मारून नेण्याची ती त्याची रीत होती, आणि लग्नाआधी तिला तीच त्याची सभ्यता वाटली होती. तिच्या जिभेवर अजून ती चव होती. तिने नळाखाली तोंड धरून चूळ भरली, परत भरली. तिची मागची दाढ काल रात्रीपासून ठणकत होती, तिथे एक तंतू अडकला होता.

ती काही हळवी बाई नव्हती. जुन्या भाड्याच्या घरात असताना तिने स्वतः तरणे कोंबडे कापायला दुकानात नेले होते, दरवर्षी नेले होते. पिल्लं उबवली की त्यांतली निम्मी नर निघणार, आणि मूठभर कोंबड्यांत इतके कोंबडे राहू शकत नाहीत, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तुरे लाल व्हायला लागले की ते कोंबड्यांच्या मागे लागतात, त्यांच्या पाठीवरची पिसं झडून कातडी उघडी पडते, खाणं सोडून कोंबड्या लपून बसतात. हे सगळं तिला माहीत होतं. पण नेण्याआधी ती दिवसचे दिवस बघायची. कोणता नुसताच माज करतो, कोणता दाणा दिसला की आधी कोंबड्यांना हाक मारतो, कोणता घार दिसल्यावर ओरडून सगळ्यांना आडोशाला पाठवतो. मग एके सकाळी ठरायचं, आणि ठरलं की ती स्वतः त्याला काखेत धरून निघायची, पिशवीत घालायची नाही. या तिघांना तिने नावं दिली होती: हमाल, वकील, शहाणा. हमाल अंगाने मोठा आणि डोक्याने मंद. वकील विनाकारण भांडायचा. शहाण्याला दाणा सापडला तेव्हा त्याने तो खाल्ला नाही, मान वर-खाली करत टुकटुक केलं, आणि काजळी धावत आली. म्हणजे ठरलंच होतं. फक्त तिने ते अजून नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलं नव्हतं.

लग्नाआधी तिने त्याचा चेहरा बघितला त्याच्याही आधी त्याचा जबडा बघितला होता. कवळ्या आणि दातांच्या पट्ट्या बनवण्याच्या कारखान्यात ती वीसेक वर्षं काम करत होती. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवतात, त्यांवर मेणात दात बसवायचे, मग पक्के करायचे. साच्यामागे माणूस असतो, पण तो कारखान्यात सहसा येत नाही. हा आला. पट्टी टोचते म्हणून डॉक्टरांनी थेट कारखान्यात पाठवलं, आणि तो स्टुलावर बसून लहान मुलासारखा आ करून राहिला. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करून निवृत्त झालेला, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. तिने पट्टीची कड घासली, लावली, परत घासली. "आता?" तिने विचारलं. त्याने जीभ फिरवून बघितली आणि म्हणाला, "आता काही नाहीच वाटत. जणू माझेच आहेत." इतकं साधं कौतुक तिचं कोणी केलं नव्हतं. बोलता बोलता कोंबड्यांचा विषय निघाला. त्याच्या घरी कोंबड्या होत्या, बायकोच्या, आणि त्या कशा सांभाळाव्यात हे त्याला कळत नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोणी कोंबड्यांबद्दल सल्ला विचारून जिंकेल, असं कोणी सांगितलं असतं तर तिला हसू आलं असतं. कारखान्यातला मेणवाला, जो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, तो तर हसलाच. "बाई," तो म्हणाला, "दात तुम्ही त्याच्या तोंडात बसवलेत, आता तो तुम्हाला घरात बसवतोय."

कोंबड्या एकत्र करायच्या तर घाई चालत नाही, हे तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सामान टेम्पोतून आलं, कोंबड्या तिने मांडीवर खोके धरून आणल्या, काजळीच्या पोटाखाली तेव्हा कापसाएवढी पिल्लं होती. नव्या आणि जुन्या आधी पूर्ण वेगळ्या ठेवायच्या, काही आजार असला तर कळतो, पिसांतल्या उवा कळतात. मग मध्ये जाळी लावायची. एकमेकींना बघू द्यायचं, जाळीला लागून दोन्हीकडे दाणे टाकायचे, म्हणजे शेजारी शेजारी खायची सवय होते. खाण्याची आणि पाण्याची भांडी वाढवायची, आडोशाला फळ्या उभ्या करायच्या, म्हणजे मार खाणारीला पळायला जागा राहते. आणि मग एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, नव्या उचलून जुन्यांच्या शेजारी दांडीवर ठेवायच्या, सकाळी त्या एकत्रच उठतात. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. जाळीही त्याने झकास लावली, एकही तार बाहेर नाही, हाताला लागेल असं टोक नाही. मग एकदा त्याची बहीण भेटायला येणार होती, परस मोकळं दिसावं म्हणून त्याने जाळी काढून टाकली, ती कामावर असताना. ती परत आली तेव्हा गव्हाळीच्या डोक्यावर रक्त साकळलेलं होतं आणि एक डोळा मिटलेला. त्याच्या कोंबड्यांनी तिला टाकीच्या कोपऱ्यात कोंडलं होतं. "त्यांचं त्यांचं ठरतं," तो म्हणाला होता. आणि खरंच ठरलं. चार-सहा दिवसांत सगळं शांत झालं. वर कोण, खाली कोण, सगळ्यांना कळलं. तिच्या कोंबड्या खाली गेल्या.

त्यानंतर ती कोंबड्यांसाठी वेगळ्या जागेचं म्हणू लागली, म्हणजे तिघा तरण्या नरांसाठी. टाकीच्या मागे आडोशाची जागा होती. कोंबड्या नजरेआड असल्या की कोंबडे आपसात फारसे भांडत नाहीत, हे तिने जुन्या घरी अनुभवलं होतं. एक पिंजरा टाकायचा, वर पत्रा, आत दांडी, बस्स. तिघे तिथे काही दिवस सुखाने राहतील, तोवर ती ठरवेल. त्याच्याकडे सगळी हत्यारं होती, लाकूडही पडलेलं होतं. "बघू," तो म्हणायचा. नाही कधीच म्हणाला नाही. दर रविवारी ती विचारायची आणि दर रविवारी तो "बघू" म्हणून चहाचा घोट घ्यायचा. मग ती विचारेनाशी झाली. आणि या सगळ्या काळात तिचा राग त्याच्यावर नव्हताच, हे तिला आज कळत होतं. तिचा राग मेलेल्या बाईवर होता. स्वयंपाकघरात डबे त्या बाईच्या उंचीने लावलेले होते, तिला टाचा उंचावाव्या लागत. दाराजवळची खुंटी त्या बाईच्या पर्सची होती, आरशाला तिच्या टिकल्यांचा डिंक अजून चिकटलेला होता. म्हातारा कोंबडा तिचा होता, तो लंगडत असला तरी त्याला हात लावायचा विषय निघत नव्हता. याने तिला जीव लावला असणार, असं ती समजून चालली होती, आणि आपण उशिरा आलो, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येणार, हेही तिने मनोमन मान्य करून टाकलं होतं. त्या बाईच्या कोंबड्यांना मात्र नावं नव्हती. कोरडी बाई असेल, असं तिला वाटायचं, आणि तसं वाटण्यात तिला थोडंसं सुखही होतं.

कारखान्यात त्या दिवशी तिने एका म्हाताऱ्याच्या खालच्या कवळीचे दात उलटसुलट बसवले. दाढा एकमेकींवर येईनात. मेणवाल्याने तिच्या टेबलावरून ती कवळी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाला, "ही घातली तर बिचारा गालच चावत बसेल." ती हसली नाही, तेव्हा त्याने कवळी परत ठेवली आणि आपल्या मेण वितळवायच्या दिव्याची वात कमी केली. वरच्या फळीवर जुने साचे असत, वर्ष झालं की टाकून द्यायचे. त्यात तिच्या नवऱ्याचाही होता, टाकायची वेळ कधीच उलटून गेली होती. तिने तो काढला. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही पांढरेफटक, हिरड्यांवरच्या बारीक सुरकुत्यांसकट. तिने ते एकमेकांवर ठेवले आणि मिटले. नेमके बसले. काल रात्री तो समोर बसून याच जबड्याने, तिने घासून गुळगुळीत केलेल्या त्याच दातांनी सावकाश चावत होता, आणि ती बोलायची थांबली की मधेच तिच्याकडे बघून मान हलवत होता. तिला साचा फेकून द्यावासा वाटला. तिने तो पुसून फळीवर ठेवला, मागच्या रांगेत.

काम सुटल्यावर घराकडची बस न पकडता ती त्याच्या मुलीकडे गेली. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची, नवरा बाहेरगावी नोकरीला होता. लग्नाला आली होती, तेव्हा "मावशी म्हटलं तर चालेल ना?" एवढंच बोलली होती, त्यानंतर दोघींमध्ये हवापाण्यापलीकडे काही झालं नव्हतं. दार उघडल्यावर मुलगी क्षणभर बघत राहिली.

"तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

"कोंबडा आहे का अजून?"

"आहे. या आत."

बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली, वॉशिंग मशीनला सुतळीने बांधलेला तो उभा होता. शहाणा होता. तिने ओळखीची हाक मारली तशी त्याने मान तिरपी केली आणि एक पाय उचलून धरला. समोर भांड्यात भात होता, पाणी सांडलेलं होतं, फरशी घाण झाली होती. ती खाली बसली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं. सुतळी पायाला काचली होती. पायामागची नखी आता कुठे कणीएवढी उगवत होती.

"कापला नाहीस?" तिने विचारलं.

"कापायला आणलाच नव्हता. बाबांना तसं सांगितलं. नाहीतर हाही पातेल्यात गेला असता." मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी गेले तेव्हा दोन झाले होते. याला पकडत होते. म्हटलं, मला द्या, मी घरी करते. तर खूश झाले. स्वतः खोक्याला भोकं पाडून दिली, श्वास घ्यायला."

"मला कशाला नाही सांगितलं?"

"काय सांगणार? तुम्ही कामावर होतात. आणि मला वाटलं, तुम्हाला विचारून केलं असेल. म्हणजे, नाही वाटलं. पण तसं धरून चाललं की बरं पडतं." तिने सांडलेल्या पाण्यावर पायाने फडकं सरकवलं. "आईचंही असंच व्हायचं. आई माहेरी गेली की एखादी कमी व्हायची. ती आली की परसात जाऊन बघायची आणि विचारायची, अमकी कुठाय. तर बाबा म्हणायचे, अगं, सांगायचंच राहिलं."

कोंबड्याच्या पिसांवरून फिरणारा तिचा हात थांबला.

"ओरडणं नाही, भांडण नाही," मुलगी म्हणाली. "बाबांचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नाही. लोक आईला म्हणायचे, नशीबवान आहेस. आधी आई नावं ठेवायची कोंबड्यांना, मग सोडलं. नंतर नंतर माहेरी जाणंही सोडलं. ते लंगडं म्हातारं आहे ना, ते तेव्हा पिल्लू होतं. आईने नुसतं जागेवर बसून राखलं त्याला. कुठे जायचीच नाही."

बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या, प्रत्येक खिडकीत कोणाचे तरी कपडे. आपण महिनोन्‌ महिने टाचा उंचावून त्या बाईचे डबे काढले आणि दर वेळी मनात तिला नावं ठेवली, हे तिला आठवलं. तिला त्या बाईपुढे लाज वाटली. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी लगेच, आपल्याला एक राग धरायला होता तोही गेला म्हणून उघडं पडल्यासारखं वाटलं. प्रेमात दुसरी येणं तिने पत्करलं होतं. तिथे पहिलीच कोणी नव्हती.

"काल तू जेवलीस?" तिने विचारलं.

"जेवले. न जेवून काय करणार? तुम्हीपण जेवलातच की."

मग मुलीने सांगितलं की कोंबडा इथे ठेवता येणार नाही. पहाटे तो ओरडला, खालच्या मजल्यावरून दोघं येऊन गेले, वॉचमनही येऊन गेला. ती उद्यापर्यंत कुणाला तरी देणार होती, पण कुणाला ते कळत नव्हतं. शहरात ओळखीची माणसं खूप होती आणि कोंबडा ठेवेल असं एकही घर नव्हतं. दोघी मिळून आठवत राहिल्या. कारखान्यातल्या पोऱ्याचं गाव लांब होतं, तिच्या जुन्या घरमालकाने परसावर पत्र्याची खोली बांधून टाकली होती. आठवता आठवता विषय संपला.

"राहणार आहात का तुम्ही तिथे?" मुलीने विचारलं. तिच्याकडे न बघता, सुतळीची गाठ सोडवताना.

"जुनं घर सोडलं मी," ती म्हणाली. "आणि कोंबड्या आता एक झाल्यात. परत वेगळ्या करायच्या म्हणजे पहिल्यापासून सगळं."

"आईपण असंच काहीतरी म्हणायची," मुलगी म्हणाली, आणि जुनी कापडी पिशवी शोधायला आत गेली.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवीतून शहाण्याचं डोकं बाहेर होतं, लाल, ताठ, प्रत्येक थांब्यावर वळून दाराकडे बघणारं. कंडक्टरने त्याच्यासाठी तिकीट काढणार का म्हणून विचारलं, पुढच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या, तीही हसली. पिशवीच्या कापडातून तिच्या पोटाला त्याची ऊब लागत होती आणि त्या उबेत त्याचं काळीज इतक्या भराभर चालत होतं की आपलंच चालतंय असं वाटावं. तिने निघताना ठरवलं होतं, याला परत न्यायचं, परसात सोडायचं आणि म्हणायचं, हा राहणार. एवढंच. भांडायचं नाही, रडायचं नाही. हे वाक्य ती मनात घोळवत होती आणि दर वेळी त्यापुढे नवऱ्याचं उत्तरही ऐकू येत होतं. बरं, राहू दे, तो म्हणेल. अगदी मनापासून म्हणेल. शहाण्याला दोन दिवसांत म्हाताऱ्याशी झुंजावं लागेल, कारण मधे बाहेर राहून आलेला तो आता परका. टाकीमागचा पिंजरा तिने मागितला तर तो म्हणेल, बघू. शेजारचे कुरकुरतील आणि तिला ते सांगणार नाहीत, त्याला सांगतील. मग एखाद्या दिवशी तिला कामावरून यायला उशीर होईल. ती दुपारी कवळ्या घासत असताना, दर दुपारी, आज का उद्या एवढाच विचार करत राहील. नोकरी सोडून परसात पाट टाकून बसली तर हा जगेल. एक बाई तशी बसली होती.

घराच्या आधीच्या थांब्यावर ती उतरली. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दुकानदार लाकडी ओंडक्यावर मीठ घासत होता. तिने पिशवीतून शहाण्याला काढून काखेत घेतलं. "माझ्यासमोर करा," ती म्हणाली, "आणि सुरीला धार लावून घ्या." दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि धार लावली. तिने त्याचे पंख स्वतः धरले. तो धडपडला नाही. तिच्या हातात धडपडायची त्याला सवय नव्हती. एकदाच त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं, कोंबडे बघतात तसं, एका डोळ्याने. सगळं लवकर झालं. तिने मान वळवली नाही, पुरतं बघितलं, पाय थांबेपर्यंत. "तुकडे करू की अख्खा देऊ?" दुकानदाराने विचारलं. "मला नको," ती म्हणाली. "तुम्हीच ठेवा." तिच्या बाहीवर थेंब उडाले होते. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आलं ते वेगळंच होतं, ताठ, थंड, जवळजवळ अभिमानासारखं. तिघांतला हा तरी कोणी तिच्या पाठीमागे नेला नव्हता. हे तिने ठरवलं, तिने केलं, आणि हे ती आता नवऱ्याच्या तोंडावर सांगणार होती. उरलेला रस्ता ती झपाझप चालली. शब्द तयार होते.

तो मागच्या परसात होता. संध्याकाळचा उजेड अजून कुंपणावर होता आणि तो कोंबड्यांच्या पाण्याची भांडी विसळून भरत होता, प्रत्येक भांडं आतून बोटाने घासून, पाणी कडेपासून बोटभर खाली ठेवून. कोंबड्या दांडीवर चढण्याच्या गडबडीत होत्या. काजळी म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पिसं फुगवून खाली सरकली.

"तुमच्या मुलीकडे गेले होते," ती म्हणाली. "तिसरा कोंबडा तिने कापला नव्हता. मी आणला, आणि कोपऱ्यावर नेऊन कापून घेतला. मीच धरला होता."

त्याने वर बघितलं. बाहीवरचे थेंब त्याला दिसले. ती वाट बघत होती. त्याच्या तोंडावर काहीही उमटलं असतं, राग, आश्चर्य, ओशाळेपण, तरी तिला पुरलं असतं. त्याचा चेहरा सैल झाला. तो मनापासून, सुटकेने हसला, आणि तिने केलेले सगळे दात दिसले.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, तुला पटेल म्हणून. आता बघ, किती शांत झालं." त्याने शेवटचं भांडं जागेवर ठेवलं आणि कंबरेवर हात देऊन उठला. "चल, हात धुऊन घे. जेवायला बसू."

तिने तयार केलेले शब्द शोधले. ते होते, सगळे होते, पण त्यांतल्या एकालाही आता कुठे टेकायला जागा नव्हती. ती हात धुवायला गेली.